सशावरचा पहारा

'मुक्या प्राण्यावरील दया हीच माणुसकीची खरी कसोटी होय' हे वाक्य लालासाहेबांनी पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल रंगात रंगवून घेतलं होतं, आणि सध्या त्याच पुठ्ठ्यानं ते माश्या मारत होते. माश्या समोरच्या दुकानातून येत. दुकानातल्या पिंजऱ्यांची घाण आठवडा आठवडा निघत नसल्यामुळे तिथं त्यांची संख्या फार झाली होती, आणि जागा न मिळालेल्या माश्या रस्ता ओलांडून इकडं बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर येत. मेलेली माशी लालासाहेब पुठ्ठ्याच्या कडेनं खाली सारत आणि पुन्हा ताठ बसत.

दुकान केरबाचं. पाटीवर 'निसर्गवैभव पशुपक्षी केंद्र' असं होतं. निसर्गाच्या वैभवापैकी सध्या शेपट्या झडलेले काही पोपट, एकमेकांना चिकटून बसलेल्या मुनिया आणि एक पांढरा ससा एवढंच शिल्लक होतं. सशाचे भाऊबंद मार्चमध्येच गेले. त्याचा पिंजरा बाहेर फळीवर ठेवलेला असे. पाण्याच्या डब्यात शेवाळ धरलं होतं, आणि ससा दिवसभर त्या डब्याकडं तोंड करून बसे, जणू त्यातून काही निघणार आहे.

सांगलीतल्या भूतदया मंडळानं ठराव केला होता की असल्या दुकानातून कुणीही प्राणी विकत घेऊ नये. घेतला तर दुकानदाराला पैसा मिळतो, पैशातून तो नवे प्राणी आणतो आणि त्यांचेही हाल करतो. मंडळाचे अध्यक्ष नाथाजीराव हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी हे फळ्यावर लिहावं तसं समजावून सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. मग दुकानासमोर बसून गिऱ्हाइकांना परतवणार कोण, असा प्रश्न निघाला, तेव्हा सगळे भडंग खाऊ लागले. लालासाहेब म्हणाले, "मी बसतो."

ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. पहारा त्यांना येत होता. शिवाय घरी तरी काय होतं? पौषात पत्नी अंजना गेली. स्मशानातून परतल्यावर पाहुण्यांनी विचारलं, तर ते म्हणाले होते, "सगळं वेळेत झालं." तेव्हापासून त्यांना विशेष काही वाटलं नव्हतं. मुलगा माधवनगरच्या कापडगिरणीत पाळीला जायचा, सून ताट वाढायची, ते जेवायचे. एकदा आमटीत मीठच नव्हतं, हे त्यांना सुनेनं माफी मागितल्यावर कळलं.

पहाऱ्याची शिस्त त्यांनी स्वतःच ठरवली होती. दुकानाची पायरी चढायची नाही. कुठल्या पिंजऱ्याला हात लावायचा नाही. दुकानदाराशी भांडायचं नाही. गिऱ्हाईक आलं की उठायचं, पुठ्ठा समोर धरायचा आणि शांतपणे समजावायचं. मिशा आणि आवाज असल्यामुळे लोक समजून घेत.

"आवं सुभेदार," केरबा दुकानातून ओरडायचा, "च्या घ्यायला या की."

"नको."

"बरं, हितनं पाठवून देतो."

"नको."

"मग बसा तसंच. उनाचं फेटा तरी बांधत जावा."

केरबाला राग म्हणून येत नसे. त्यामुळे पहाऱ्याला रंग चढत नव्हता. एकदा मात्र तो गिरणीच्या पायरीशी येऊन उकिडवा बसला.

"एक इचारू का? ही जनावरं इकली न्हाईत, तर मी त्यास्नी घालू काय?"

"विकली तर तू दुसरी आणशील."

"आणीन की. दुकान हाय ते."

"मग?"

"मग काय? माणसं रेशनची लाल मिलो जवारी खाऊन जगायल्यात. ती बी मिळंना. माजी बायकू रांगेत हुबारून हुबारून आजारी पडली. आन् तुमी म्हन्ता सशाला गाजर घाल."

हे बरोबर होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. बाजारात गाजर कुणी पाहिलं नव्हतं. लालासाहेबांनी यावर विचार केला, पण ठरावात दुष्काळाचा उल्लेख नव्हता.

गिरणीच्या त्याच पायरीवर धोंडुबाई घोंगड्या घेऊन बसत असे. ती जतकडची धनगरीण. गावाकडं पाणी नाही, चारा नाही, म्हणून कळप विकून ती आणि तिचा मुलगा बिराप्पा सांगलीला आले होते. बिराप्पा रोजगार हमीच्या खडीवर जायचा आणि ती भर उन्हाळ्यात घोंगड्या विकायची. गिऱ्हाईक दोघांकडंही येत नसे. लालासाहेबांकडं आलं तर ते परतवत, आणि तिच्याकडं मुळात येतच नसे. त्यामुळे दोघांचं बरं जमलं होतं. म्हणजे बोलत नसत.

एके दिवशी विश्रामबागेतून एक डॉक्टरीणबाई रिक्षातून उतरल्या. हातात रिकामी वेताची टोपली होती, तळाशी ओला गवताचा चारा. त्या थेट सशापाशी गेल्या आणि वाकून बघू लागल्या. लालासाहेब उठले. पुठ्ठा धरला. दया, पैसा, नवे प्राणी, त्यांचे हाल, सगळं क्रमानं सांगितलं.

"पण हा मरेल हो," बाई म्हणाल्या.

"हा एक मरेल बाई. पुढचे वाचतील."

बाईंनी सशाकडं पाहिलं, पुठ्ठ्याकडं पाहिलं. शिकलेली बाई, त्यांना पटलं. टोपली तशीच घेऊन त्या रिक्षात बसल्या. रिक्षा वळेपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. केरबा दारात उभा होता. आत जाऊन त्यानं मुनियांवर फडकं टाकलं.

धोंडुबाई घोंगडीची घडी घालत होती.

"लय चांगली राखन करतुयास, सुभेदारा," ती म्हणाली. "तुज्यासारखा राखन्या आमाला गावला असता, तर आमचं येक बी मेंढरू खाटकाकडं गेलं नसतं."

लालासाहेब तिच्याकडं वळले.

"समदी जाग्यावरच मेली असती."

तिनं घडी नीट केली, वरून हात फिरवला आणि तंबाखू मळायला घेतली. लालासाहेब पुन्हा ताठ बसले. गवत रिक्षातून जाताना थोडं रस्त्यावर सांडलं होतं. एक शेळी आली आणि खाऊन गेली. ससा ते बघत होता, किंवा तिकडं त्याचं तोंड होतं.

त्या संध्याकाळी ते नाथाजीरावांकडं गेले. 'निव्वळ एका सशापुरता अपवाद करावा का,' असं त्यांनी विचारलं.

"आज ससा, उद्या पोपट," नाथाजीराव म्हणाले. "सुभेदार, तुम्ही फौजेतले. एका जवानासाठी मोर्चा सोडता येतो का?"

लालासाहेबांनी एकदा एका जवानासाठी मोर्चा सोडला नव्हता. तो जवान शिराळ्याचा होता. त्यांनी चहा घेतला आणि घरी आले. सून म्हणाली, "मामंजी, जेवला न्हाईसा." ते म्हणाले, "जेवलो की." मग ताट समोरच होतं असं दिसलं.

दुसऱ्या दिवशी ससा कुशीवर पडलेला होता. पोट हलत होतं. लालासाहेब बराच वेळ ते हलणं बघत राहिले. विकत घ्यायचा नाही असं ठरलेलं होतं, आणि शब्द दिलेला होता. अंजनाच्या उशाशी त्यांनी आठवडाभर पहारा दिला होता, डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे, पाणी मागितलं तरी न देता. सूचना बरोबर होती की नव्हती, हे नंतर त्यांनी कुणाला विचारलं नाही. पुठ्ठा त्यांच्या मांडीवरून घसरून खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही.

"धोंडुबाई," ते म्हणाले, "तुमचा सगळाच कळप गेला?"

"समदा. येक ऱ्हायलं."

"ते कसं?"

"त्याच्यावर भंडारा टाकला हुता. बिरोबाच्या नावानं." तिनं कमरेची पिशवी चाचपली. "येकदा देवाला सोडलं की त्ये आपलं ऱ्हात न्हाई. इकायचं न्हाई, इकत घ्यायचं न्हाई, मारायचं न्हाई. खाटकानं बी हात लावला न्हाई. हिंडतंय गावात. ज्येच्या दारात जाईल, त्यो घालतो."

"विकायचं नाही, विकत घ्यायचं नाही," लालासाहेब म्हणाले.

"व्हय."

"आणि मोकळं असतं."

"तर. देवाला कोन बांदून घालतंय?"

लालासाहेबांनी हात पुढं केला. धोंडुबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, सशाकडं पाहिलं.

"सशाला?"

"चालत नाही का?"

"आजवर कुनी टाकला न्हाई," ती म्हणाली आणि मूठभर भंडारा त्यांच्या पंजात ओतला.

ते रस्ता ओलांडून गेले. पायरीच्या अलीकडं थांबले, शिस्तीप्रमाणे. पिंजऱ्याला हात न लावता त्यांनी मूठ उघडून भंडारा उधळला, आणि परेडवर द्यावी तशी आरोळी दिली, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" ससा पिवळा झाला. शिंकला. सशाला शिंकताना लालासाहेबांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"आवं, ह्ये काय केलंसा?" केरबा बाहेर आला.

"हा आता देवाचा आहे. विकायचा नाही. सोडून दे."

केरबानं डोक्यावरची टोपी काढली. सशाला हात जोडले. मग पुन्हा घातली.

"इकत न्हाई. आईच्यान न्हाई इकत. पर सोडू कुठं? ह्यो काय बकरं हाय व्हय गावात हिंडायला? समोरच्या गल्लीतली कुत्री बगताय न्हवं? देवाचं जनावर कुत्र्यानं खाल्लं, तर पाप कुनाच्या माथी?"

लालासाहेबांनी गल्लीकडं पाहिलं. कुत्री होती.

"मग मी घरी नेतो."

"देवाचं घरी न्हेता?" केरबाचा आवाज खरोखरच काळजीचा होता. "तुमीच वाह्यला, आन् तुमीच न्हेता?"

लालासाहेबांनी धोंडुबाईकडं पाहिलं. तिनंही थोडा विचार केला आणि तंबाखू थुंकली.

"त्याचं बी बराबर हाय," ती म्हणाली.

केरबानं निदान डबा विसळून ताजं पाणी ठेवलं. देवाला शेवाळ कसं ठेवायचं? दुपारी गल्लीतली एक बाई मूठभर डाळं टाकून गेली. ससा उठून बसला आणि खाऊ लागला. लालासाहेब ते बघत राहिले. रात्री जेवताना त्यांनी सुनेकडं लोणचं मागितलं. सून बघतच राहिली.

रविवारपर्यंत सगळ्या पेठेत झालं की केरबाच्या दुकानात बिरोबाचा ससा आहे. दुष्काळातली माणसं, पाऊस मागायला त्यांना कुठलाही देव चालत होता. ज्यांना मिलो मिळत नव्हती, तीही सशासाठी चिमूटभर गूळ आणत. केरबानं पिंजऱ्याखाली लाल कापड अंथरलं, पुढं ताम्हण ठेवलं. आठवड्यानं त्यानं पोपटांवरही भंडारा टाकला. पोपटांकडून दृष्ट काढून मिळते, असं कुणीतरी म्हणू लागलं आणि केरबानं ते खोडलं नाही. पिंजऱ्यांची घाण आता रोज निघे. माश्या मात्र गुळामुळे राहिल्या.

मंडळाची बैठक झाली. ठरावात खरेदीला बंदी होती, दर्शनाला नव्हती. गेल्या पंधरवड्यात त्या दुकानातून एकही प्राणी विकला गेला नाही, म्हणून बहिष्कार पूर्ण यशस्वी झाल्याचं नाथाजीरावांनी जाहीर केलं आणि सुभेदारांचा पहारा सन्मानानं उठवला. जाताना ते लालासाहेबांच्या कानाशी म्हणाले, "आमच्या सौभाग्यवतींना उद्या जरा पुढं घालाल का? रांग फार असते म्हणे."

पहारा उठला, तरी लालासाहेब सकाळी पायरीवर येऊन बसत. पुठ्ठा घरी ठेवला होता. ससा गोल झाला होता. तो आता डब्याकडं तोंड करून बसत नसे. गुळाच्या ढिगात मान घालून बसे. "लय घालू नका," लालासाहेब रांगेतल्यांना सांगत. पण ज्यानं देव केला, त्याचं पुढं कोण ऐकतं? लोक त्यांच्याही पाया पडत आणि गूळ टाकत.

पुढच्या सोमवारी सकाळी रांग नव्हती. रेशनवर साखर आली होती, सगळी पेठ तिकडं गेली होती. धोंडुबाई घोंगड्यांचं गाठोडं सोडत होती. केरबा दारात उभा राहून हातानं बोलवत होता.

"सुभेदार, जरा येता का?"

ससा आडवा होता. पोट टम्म फुगलेलं होतं आणि हलत नव्हतं. ओठाला गूळ लागला होता. लालासाहेब पायरी चढून पहिल्यांदाच पिंजऱ्यापाशी उभे राहिले.

"रातच्याला कवातरी," केरबा म्हणाला. "मला काय कळलं न्हाई बगा. तेवढा भाईर काडता का? देवाच्या जनावराला मी कसा हात लावू? तुमी वाह्यलाय."

लालासाहेबांनी मान हलवली. खांद्यावरचा टॉवेल काढून फळीवर पसरला, त्याची सुरकुती काढली. मग हात पुढं केला.

"किल्ली दे."

"कसली किल्ली?" केरबा म्हणाला.

पिंजऱ्याच्या दाराला कुलूप नव्हतं. बाहेरून तारेचा एक पीळ दिलेला होता.