सिनेमातलं दार

भाकर तव्यावर टाकून पार्बताबाई पुन्हा मागच्या खिडकीशी गेल्या आणि तेवढ्यात भाकर करपली. झेंडूच्या वाफ्यांपलीकडे, बांधावर, अजून कोणी दिसत नव्हतं. अकोटहून येणारी एसटी तर केव्हाच येऊन गेली होती.

"काय जळून राहिलं वं?" बैठकीतून खुशालरावांनी विचारलं.

"काई नाई. दाढी झाली का तुमची?"

"कवाचीच."

एरवी दाढीसाठी ज्याच्या मागे लागावं लागे तो हा माणूस, रविवार उजाडला की आपणहून चकाचक होऊन, इस्त्रीचा सदरा घालून बसायचा. रविवारी घर पाहायला लोक येत.

घर म्हणजे कापसाच्या एका जिनिंगच्या साहेबासाठी बांधलेला बंगला. जिनिंग बंद पडलं तेव्हा खुशालरावांच्या वडिलांनी तो मागच्या मळ्यासकट विकत घेतला आणि साहेबाच्या दिवाणखान्यात कांदे पसरले. पुढे कितीतरी वर्षं त्या घराकडे कोणी मान वळवून पाहिलं नाही. मग चार वर्षांपूर्वी मुंबईची सिनेमावाली मंडळी आली. घराचं तोंड त्यांना आवडलं नाही. समोर विजेचे खांब आणि खताचं दुकान. मागची बाजू मात्र त्यांना फार आवडली. त्यांनी मागची भिंत तेवढी पिवळी रंगवली, मागच्या दाराला तोरण बांधलं, आणि पडद्यावर घर चक्क उलटं फिरलं. ज्या दारातून पार्बताबाई खरकटं टाकायच्या, तेच घराचं मुख्य दार होऊन बसलं.

सिनेमात घर सोडून गेलेली मुलगी शेवटी झेंडूच्या फुलांमधून चालत येते आणि दार वाजवते. बाप दार उघडतो, आई भाकरतुकडा ओवाळून टाकते. सिनेमा चालला. मग लोक यायला लागले, अमरावतीचे, अकोल्याचे, कधी पुण्याचेसुद्धा. त्यांना तस्संच फुलांमधून यायचं असे, दार वाजवायचं असे. आत खुशालराव तयारच. पडद्यावरच्या बापाचं वऱ्हाडी जरा पुण्याकडचं झालं होतं, ते त्यांनी आपलं आपणच दुरुस्त करून घेतलं होतं.

"आली का वं माय? चाल, भाकर निवून राहिली."

लोक टाळ्या वाजवत. एखादी बाई डोळे पुसे. पार्बताबाई शिळ्या भाकरीचा तुकडा ओवाळून टाकत, आणि त्या तुकड्यांवर मळ्यातलं कुत्रं चांगलं गुबगुबीत झालं होतं.

सुरुवातीला पार्बताबाईंना या सगळ्याचं हसू येई. पुढे चीड यायला लागली. शूटिंगच्या आदल्या वर्षी त्यांच्या प्रतीक्षानं दर्यापूरच्या एका टेम्पोवाल्याशी, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी, अमरावतीला कोर्टात लग्न केलं होतं. दुसऱ्या दिवशी दोघं पाया पडायला आली, तेव्हा खुशालरावांनी पुढचं दार उघडलं नव्हतं. तेव्हापासून ते दार बंदच होतं आणि या घरात तिचं नाव निघत नसे. आणि हाच माणूस कुठल्या कुठल्या अनोळखी पोरींना माय म्हणत होता! लोकाच्या लेकीले माय, आन आपलीले काय? हा प्रश्न पार्बताबाईंनी कितीदा ओठांवर आणून गिळला होता.

शेवटी परवा मळ्यात उभं राहून त्यांनी फोनवर सांगून टाकलं.

"रविवारी ये. रविवारी ते सगळ्याइले दार उघडतेत."

"आई, मी काय घर पाहाले येणारी हाय का?"

"तसंच समज. चार लोकांमंधी ते तुले वापस धाडनार नाईत."

 प्रतीक्षा "बरं" म्हणाली होती.

बांधावर माणसं दिसली. दोन-तीन बाया, मोबाइल वर धरलेला एक चष्मेवाला, आणि सगळ्यांच्या मागे, डोक्यावरून ओढणी घेतलेली एक. चालण्यावरूनच पार्बताबाईंनी ओळखलं. त्यांनी ताज्या भाकरीचा तुकडा मोडला, पाण्याचा तांब्या घेतला आणि दाराआड उभ्या राहिल्या. 

पहिल्या बाईनं दार वाजवलं. खुशालरावांनी ते उघडलं, माय म्हणाले, टाळ्या पडल्या. दार लागलं. दुसरीचंही तसंच झालं. आज त्यांचा आवाज अगदी लागला होता.

मग पुन्हा दार वाजलं, अगदी हळू.

"आली का वं..."

पुढचे शब्द आलेच नाहीत. प्रतीक्षा उंबऱ्याबाहेर उभी होती. तिनं मान वर केली नाही. खुशालराव तिच्या मातीनं भरलेल्या चपलांकडे पाहत राहिले.

"काका, विसरलात वाटतं!" चष्मेवाला म्हणाला, तसं कोणीतरी हसलं.

"तू इकडून काहून आली?" खुशालरावांनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता. "हे सिनेमाचं दार हाय."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.

 बाहेर टाळ्या वाजल्या. "काय सहज करतात हो!" एक बाई म्हणाली.

 आपणच पोरीला बोलावून घेतलं आणि आपणच तिच्या तोंडावर दुसऱ्यांदा दार लावायला लावलं, असं पार्बताबाईंना झालं. "काळीज हाय का तुमाले?" त्या ओरडल्या.  पण ऐकायला समोर कोणी नव्हतंच. खुशालराव स्वयंपाकघर ओलांडून बैठकीत गेले होते, आणि तिकडून काहीतरी जड ओढल्याचा आवाज येत होता.

त्या धावल्या. पुढच्या दाराला टेकून रचलेली कांद्याची पोती खुशालराव एकेक करून बाजूला लोटत होते. इस्त्रीच्या सदऱ्याची बाही खांद्यापाशी उसवली होती.

"पाहून काय राहिली?" त्यांनी मागे न वळता म्हटलं. "तिले सांग ना, पुढून ये म्हना. घरची पोरगी हाय ते."

पार्बताबाई उलट्या पावली मागच्या खिडकीशी पळाल्या. प्रतीक्षा वाफे ओलांडून बांधावर चढत होती. चष्मेवाला तिला थांबवून काहीतरी विचारत होता आणि ती मान हलवत होती.

"प्रतीक्षा!" त्यांनी सगळा जीव एकवटून हाक मारली. "पुढून ये वं! तुहे बाबा पुढून बलावून राहिले!"

ती थांबली, पण वळली नाही. पार्बताबाईंनी पुन्हा हाक मारली. पुढच्या बाजूला, इतक्या वर्षांत गंजून बसलेल्या कडीवर खुशालराव तळहातानं ठोकत होते, आणि ती काही केल्या सरकत नव्हती.