रंगवलेलं दार

तिची लेक नुकती शाळेत जायला लागली होती, त्या वर्षी तिनं स्वयंपाकघरातलं कपाट रंगवलं. भिंतीला ओल धरली होती, कपाटाच्या दारांना बुरशी आली होती आणि नवऱ्याला सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. शेवटी तिनंच बाह्या सरसावल्या आणि एका रविवारी ते कपाट आतून-बाहेरून फिक्या हिरव्या रंगानं रंगवून काढलं. संध्याकाळी नवरा आला, कपाटाचं दार उघडलं आणि डोक्याला हात लावून मटकन खाली बसला.

"दाराच्या आत पेन्सिलीनं पासवर्ड लिहिला होता मी. गेला तो!"

लेकीच्या जन्माआधी त्यानं हौसेनं थोडी बिटकॉइन घेतली होती. तेव्हा ती कवडीमोलानं मिळत. ज्या डिजिटल पाकिटात ती ठेवली होती, त्याची फाइल जुन्या लॅपटॉपवर होती. पासवर्डशिवाय ते पाकीट उघडत नव्हतं, आत काय आहे तेही दिसत नव्हतं.

पुढे बिटकॉइनचा भाव गगनाला भिडला आणि त्या घरात तिचं जगणं मुश्कील झालं. फ्रिज बंद पडला, की "दार रंगवलं नसतंस, तर आज नवा आणला असता." लेकीला हव्या त्या कॉलेजात पाठवता आलं नाही, तेव्हा "मला काय विचारतेस? आईला विचार." दीर आणि जाऊ जेवायला आले, की तो हा किस्सा तिखटमीठ लावून सांगे. "जगातला सगळ्यात महागडा रंग आहे बरं का आमच्याकडे!" सगळे खो खो हसत. तीही हसे. न हसून जाते कुठे? एकदा घरात कुणी नसताना तिनं ब्लेड घेऊन दाराचा रंग खरवडून पाहिला. खाली नुसतं लाकूड निघालं. त्यानंतर नवरा पाहुण्यांना तो ओरखडाही दाखवू लागला.

असे विसरलेले पासवर्ड शोधून देणारी माणसं असतात, असं लेकीनं एकदा सांगितलं होतं. "लुटारू असतात सगळे," म्हणत त्यानं विषय तोडला होता.

तिचं कपडे अल्टर करून द्यायचं छोटं दुकान होतं. एक दिवस एक बाई पँटची उंची कमी करून घ्यायला आली. बोलता बोलता बाईचा व्यवसाय निघाला, तोच तो. पासवर्ड शोधून द्यायचा. माप घेता घेता तिचे हातच थांबले. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ती त्या बाईच्या ऑफिसात हजर झाली.

"पाकीट कुणाचं?" बाईनं विचारलं.

"नवऱ्याचं. उघडलं की सांगणार आहे त्याला."

"मग मी फक्त उघडून दाखवीन. आतलं हलवायचं असेल, तर त्यांनी स्वतः यायचं."

"चालेल. मला फक्त ते सापडायला हवंय."

बाई बारीकसारीक विचारत गेली. यंत्राला लाखो शब्द पटापट घालून बघता येतात, पण सुरुवात कुठून करायची ते माणसाच्या सवयींवरून ठरतं, असं बाईचं म्हणणं. तिनं सगळं सांगितलं. त्याचा पहिला पत्ता, पहिली स्कूटर, आवडती टीम, तो आकडे कसे उलटे लिहितो, कुठलं स्पेलिंग हमखास चुकवतो. सांगता सांगता तिचं तिलाच नवल वाटलं. इतकं पाठ होतं तर! त्याला माझा चपलेचा नंबर तरी सांगता येईल का, असं तिच्या मनात येऊन गेलं.

काही दिवसांनी बाईचा फोन आला. ती शटर ओढून धावत गेली.

"तुमचं नाव, लेकीचं नाव, आधी तीच घालून पाहिली," बाई म्हणाली. "नाही लागली. कॉलेजात ते व्हॉलीबॉलचे कॅप्टन होते म्हणालात ना? कॅप्टन, दोन टी घालून, आणि पुढे त्यांचा जर्सी नंबर उलटा."

"उघडलं?"

"उघडलं. पण बसा जरा."

पडद्यावर दोनच नोंदी होत्या. एक आलेल्या बिटकॉइनची, एक गेलेल्या. खाली शिल्लक शून्य. सगळं विकलं होतं ती तारीख हिवाळ्यातली होती, लेक रांगत होती त्या हिवाळ्यातली. कपाट रंगवायच्या कितीतरी आधीची.

"दुसऱ्या कुणी चोरलं असेल," ती म्हणाली. तेव्हाही तिला त्यालाच वाचवावंसं वाटलं.

बाईनं दुसऱ्या नोंदीपुढे बोट ठेवलं. तिथं त्यानंच टिपून ठेवलं होतं : मोटरसायकल.

त्या हिवाळ्यात मोटरसायकल आली होती खरी. कंपनीनं बोनस दिला म्हणाला होता. तिनं कौतुकानं शेजाऱ्यांना केक वाटला होता.

रविवारी दीर आणि जाऊ जेवायला आले. लेकही घरीच होती. कपाटातून ताट काढताना जाऊ सहज म्हणाली, "रंग मात्र अजून टिकलाय हं." नवऱ्यानं तोंड उघडलं, एवढ्यात तीच बोलली.

"पाकीट उघडून घेतलं मी. रिकामं आहे. मोटरसायकल घेतलीस ना, तेव्हाच विकलंस तू सगळं."

नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आश्चर्य नव्हतं ते, भीती होती. म्हणजे त्याला ठाऊक होतं. एवढी वर्षं, दर वेळी, ठाऊक होतं.

"कवडीमोलानं विकून बसलो," तो पुटपुटला. "लोकांना काय तोंड दाखवणार होतो? आणि हे बघ, दार तर तूच रंगवलंस ना? कुणाला न विचारता?"

जाऊ ताटात बघत राहिली. दीर म्हणाला, "जाऊ दे, वहिनी. झालं गेलं. कशाला उकरून काढायचं आता?"

तिनं लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "आई, निदान जेवण झाल्यावर तरी सांगायचंस."

ती उठली. भांडण नाही, रडणं नाही. आत जाऊन तिनं आपले कपडे एका पिशवीत भरले. त्या दिवसापासून ती दुकानाच्या मागच्या खोलीत राहते. शिलाई मशीनच्या पलीकडे गादी टाकायला पुरेशी जागा आहे. लेक अधूनमधून येते, मोबाइलमध्ये बघत बसते आणि जाताना "बाबांना जेवणाचं जमत नाही गं" असं सांगून जाते.

नवरा सगळ्यांना सांगतो, पाकिटात काही नाही हे कळल्यावर बायको सोडून गेली. परवा एका जुन्या गिऱ्हाइकानं भर दुकानात तेच विचारलं. "ऐकलं ते खरं का हो? पैशासाठी?" ती त्याच्या पँटच्या पायाशी गुडघ्यावर बसली होती. तोंडात टाचण्या धरल्या होत्या, त्यामुळे बोलता आलं नाही. तिनं एकेक टाचणी काढून कापडाला लावली, दुसऱ्या पायाचं माप घेतलं. तोपर्यंत गिऱ्हाईक हवापाण्याविषयी बोलायला लागलं होतं.