दोनदा वाजणारी घंटी

मित्रांनो, महदिया गावाच्या किनाऱ्यावर एका उपाहारगृहाच्या भिंतीशी निळी सायकल उभी आहे. टोपलीत लाल फुलं, मागे समुद्र. ती मीच. जुनी आहे, आणि खरं सांगायचं तर आता सायकल म्हणण्यासारखं माझ्यात फार काही उरलेलं नाही.

हेदीकाकांनी मला घेतलं ते ऐन तारुण्यात. लोहाराकडून त्यांनी मागे रुंद कॅरिअर बसवून घेतलं. गल्लीतल्या बायका परातीत मासे, बटाटे, मिरच्या रचायच्या, वर ऑलिव्हचं तेल सोडायच्या, आणि आम्ही त्या पराती पाववाल्या महरेझच्या भट्टीवर भाजायला न्यायचो. अदलाबदल नको म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. झकियाबाईंची खूण म्हणजे कोपऱ्यात अख्खं लिंबू. परात परत आणली की काका घंटी दोनदा वाजवायचे. लगेच दार उघडायचं.

"काका, मासा लहान झाला की काय? वाटेत चाखलात वाटतं," झकियाबाई म्हणायच्या.

"चाखला असता तर परात घासूनच आणली असती, बाई."

पुढे पर्यटक आले. घरं भाड्याने गेली, पराती कमी झाल्या. त्यातच काकांचा गुडघा धरला. झकियाबाईंच्या घरासमोर मोंजीने उपाहारगृह काढलं होतं. तो म्हणाला, "एवढा उन्हाळा सायकल द्या मला. भिंतीशी शोभेल. गुडघा बरा झाला की न्या."

त्याने मला निळा रंग फासला. पाहुण्या पोरी माझ्याशेजारी फोटो काढू लागल्या आणि मी मूर्खासारखी फुगले. सगळे माझी घंटी वाजवायचे. झकियाबाई आधी दार उघडून बघायच्या, मग त्यांनी ते सोडून दिलं. चोरी नको म्हणून मोंजीने माझी चेन काढली, चाक भिंतीतल्या कडीला वेल्डिंग करून टाकलं. तेव्हाही मी कुरकुरले नाही. त्याची आज मला लाज वाटते.

ईद जवळ आली. महरेझने निरोप धाडला, "सणाच्या बिस्किटांच्या वीस पराती आल्या तर भट्टी चालू ठेवतो. नाहीतर यंदा विझवली समजा."

लंगडत घरोघरी फिरून काकांनी वीस घरं तयार केली आणि मला न्यायला आले. हँडल धरून ओढलं. मी हलले नाही. खाली वाकून त्यांनी तो जोड चाचपला.

"मोंजी, हे रे काय करून ठेवलंस?"

"काका, आता कोण चालवतं हिला? इथे सोनं झालंय तिचं."

काका गुडघ्यावर हात टेकून उठले. डोक्यावर एकेक परात घेऊन निघाले. संध्याकाळपर्यंत सात पोचल्या. बाकीच्यांनी, अगदी झकियाबाईंनीसुद्धा, वाट पाहून दुकानातली बिस्किटं आणली.

सण झाल्यावर मोंजीने माझ्या वर भिंतीला एक लांब दांड्याचं लाकडी फावडं टांगलं. महरेझ त्यानेच भट्टीतून पराती काढायचा.

मित्रांनो, एवढंच मागते. चालती वस्तू शोभेला लावू नका. तिला तेलपाणी करा, राबवा, झिजवा. झिजण्याचं दुःख नसतं.

काल एका पर्यटकाने काकांना माझ्याशेजारी उभं केलं, हातात रिकामी परात दिली आणि फोटो काढला. तो गेल्यावर काकांचा अंगठा घंटीवर गेला. त्यांनी ती दोनदा वाजवली आणि समोरच्या दाराकडे बघत थांबले.

झकियाबाई घरातच होत्या. त्यांना वाटलं, कुणी पर्यटक असेल.