दहा बोटं

हातातली सुई बाजूला ठेवून प्रमिलाबाईंनी परत आलेल्या साडीचा पदर दारातल्या उजेडात ताणून धरला. क्रीम रंगावर तपकिरी ठिपके होते, गोंड्यांच्या ओळीला धरून, एकामागे एक.

"रक्त आहे, मासी," उंबऱ्यात उभा असलेला चेतन म्हणाला. साड्यांना मोत्यांचे गोंडे लावायचं काम डिंडोलीतल्या घराघरांत तोच वाटायचा. "चार साड्या परत आल्या. शेठ म्हणतो, ज्याला सुई टोचली त्याला उद्यापासून माल बंद."

ह्या घरात सुया दोनच. एक त्यांची, एक सुनेची.

"हर्षदा!" बाईंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "इकडं ये. सुई धरतेस का कुदळ? वीस वर्षं झाली मला, माझ्या हातानं कापडाला कधी डाग लागला नाही. छातीवर केवढी चीर पडली, चारदा केमोची बाटली चढली, डोक्यावर केस राहिला नाही. तरी एक खाडा केला का मी? आणि तू, धडधाकट बाई!"

ह्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पहिल्या बाटलीच्या दिवशीच त्यांनी मुलाला, वाल्मिकला, बजावलं होतं. माझा हात ज्या दिवशी थांबेल, त्या दिवसापासून दवाखाना बंद. बसून खाणाऱ्या बाईवर औषधं उधळायची नाहीत. बाई बोलल्या की तसंच करायच्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

हर्षदा चुलीजवळून उठून आली. तिनं पदर पाहिला.

"माझंच असेल."

"असेल म्हणजे काय वं?"

"माझंच आहे, आई."

"मग हिला सुई देऊ नका," चेतन म्हणाला. "शनिवारच्या मालाला फक्त तुमचा हात, मासी."

बाईंची मान ताठ झाली. "ऐकलंस? माणसं हात ओळखतात. आण, दाखव बोटं. कुठं भोसकून घेतलंस ते बघू दे."

त्यांनी सुनेचं मनगट धरून ओढलं. कांद्याचा वास. एकेक बोट वळवून पाहिलं. अख्खं. दुसरा हात पाहिला, तोही अख्खा. दहाही बोटं दोनदा बघून झाली. 

मनगट सोडलं, तर त्यावर एक लाल ठिपका उमटलेला. ओला.

बाईंनी स्वतःचा अंगठा पाहिला. बारीक बारीक भोकं, जुनी, नवी, एकातून अजून रक्त येत होतं. त्यांनी तिथंच नख रुतवलं. काहीच जाणवलं नाही. आणखी जोरात रुतवलं. दुसऱ्या बाटलीपासून बोटांना मुंग्या येत होत्या. त्या हल्ली थांबल्या म्हणून त्यांना बरं वाटलं होतं.

हर्षदानं मनगट पदरानं पुसून घेतलं.

"शनिवारचा गठ्ठा ठेवू ना, मासी?" चेतननं विचारलं.

बाईंनी सुनेकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"ठेव," बाई म्हणाल्या.

चेतन गेला. हर्षदानं दार लोटलं, कडी घातली आणि गठ्ठ्याची गाठ सोडून पहिली साडी मांडीवर ओढली. सुईत मोती ओवायला लागली.

"बोला ना काहीतरी, आई," ती मान वर न करता म्हणाली. "शिव्या तरी द्या."

प्रमिलाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.