जैतू भगताने ओढलेली गाठ

साखरशेत गावात पारूच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. जैतू भगताने पारूच्या छातीला पोकळ शिंग लावलं, गाल फुगवून ओढलं आणि थू करून तळहातावर रक्ताळलेली गाठ दाखवली. बायकांनी तोंडावर हात ठेवले. जव्हार संस्थान विलीन होऊन तीन वर्षं झाली होती, भगताची गादी मात्र शाबूत होती!

"करणीची गाठ, मुळासकट उपटली! आता डाक्तर नको, कापाकापी नको." त्याने पारूला उभ्यानेच पुढे वाकवलं. "चाचप. हाय का?"

पारूने छाती मुठीत धरून पाहिली आणि ती रडतरडत हसली. "नाय! गेली!"

धोंडीबाई चुलीपुढून पाहत होती. ती गावची सुईण, पारूची थोरली जाऊ. छातीतल्या गाठीसाठी तिनेच पारूला जव्हारच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, मुंबईला न्या, उशीर केलात तर काही हाती राहणार नाही. उद्याच निघायचं होतं. आता पारू कशाला येतेय?

शिवाय ती कोंबडी. देवाला दिलेली कोंबडी जैतूने घरामागे स्वतः कापून, साफ करून रांधायला धोंडीबाईकडे दिली होती. काळीज होतं, पाय होते. पोटातली दाणे दळायची पिशवी तेवढी नव्हती. ती चुलीपुढून तडक उठली.

"भगता, दाखव ती गाठ."

"हात लावशील तर आंधळी होशील!"

"होऊ दे." तिने गाठ हिसकावली आणि कोयत्याने चिरली. आतून खडे आणि नाचणीचे दाणे सांडले. "कोंबडीची पिशवी ही! गालात धरली होतीस ना?"

"करणीवाल्यानंच नाचणी घातली," जैतू पुटपुटला. अंगण हसलं. पारू हसली नाही.

"बाई, मग माझी गाठ?"

धोंडीबाईने तिला आत नेऊन उताणी निजवलं, हात डोक्याखाली घ्यायला लावला आणि डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे तीन बोटं सपाट ठेवून आधी हलकं, मग खोल दाबत गेली. वाकून मुठीत धरलं की नुसतं मांस हाती येतं, खोलवरची गाठ निसटते. ती तिथेच होती. महिन्यापूर्वी बोराएवढी, आता सुपारीएवढी. धोंडीबाईने पारूची बोटं गाठीवर टेकवली. पारूने पुन्हा स्वतःच दाबून पाहिलं.

धोंडीबाई बाहेर आली. "हसलात, आता ऐका. घरी जाऊन उताण्या निजा, हात डोक्याखाली घ्या, सपाट बोटांनी चाचपा. काय लागलं तर दवाखाना गाठा, भगत नाय. पारू वाचेल का, मला ठाव नाय. पण उद्या ती मुंबईला जाईल."

बायका पांगल्या. त्यातली एक, कमळा, तेवढी बसून राहिली.

"धोंडीबाई, गेल्या साली माझी गाठ पण या भगतानंच काढली होती."