परदेशाच्या खान्यातली बातमी

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, तुमच्या वर्गातला नव्हे. वरवट बकाल गावच्या वाचनालयाबाहेरचा, बातम्यांचा. पुंजाजी सुतारांनी सागाच्या चार फळ्या जोडून मला घडवलं, पाल्याच्या रसात कोळशाची पूड घोटून काळं केलं आणि मधोमध पांढऱ्या तेलरंगाची उभी रेघ ओढली. डावीकडच्या खान्यात लिहिलं ‘देश’, उजवीकडच्या खान्यात ‘परदेश’. एवढंच माझं कायमचं. बाकी सगळं रोज पुसलं जातं.

माझ्यावर लिहायचे ते भगवंतराव गुरुजी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून बावीस वर्षं, रोज सकाळी सातला. ओल्या फडक्याने कालचं पुसायचे, मी वाळेपर्यंत पायरीवर बसून वर्तमानपत्रं वाचायचे, मग खडू घ्यायचे. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन निघालेल्या विमलबाईसुद्धा थांबून वाचत. कोणी अक्षराची तारीफ केली की गुरुजी उगाच फडकं पिळत बसत.

गेल्या वर्षी कापूस फुटायच्या दिवसांत एक बातमी आली. परदेशी कापसावरचा कर भारत सरकार काढणार, असं एका बड्या मित्रदेशाच्या प्रमुखांनी त्यांच्या राजधानीत सांगून टाकलं होतं. दिल्ली गप्प होती. तिने होकार दिला तो तिसऱ्या दिवशी. आमच्याकडे तर घरोघरी कापूस, त्याचा भाव पडणार. गुरुजी खडू धरून बराच वेळ उभे राहिले. निर्णय आपल्या सरकारचा होता, तरी त्यांनी तो रेघेच्या उजवीकडे लिहिला.

विमलबाईंनी वाचलं आणि त्या पाटी खाली ठेवून हसल्या. “अवो गुरुजी, चूल आमची, भाजी आमची, अन् मीठ किती टाकाचं ते विहीनबाई सांगून राह्यली म्हना!”

दुपारपर्यंत गावभर तेच. संध्याकाळी देवानंद आला. तो वाचनालयाचा अध्यक्ष, एका पक्षाचा कार्यकर्ता, आणि गुरुजींचाच विद्यार्थी.

“गुरुजी, आपल्या सरकारची बातमी परदेशात काऊन टाकली? लोकं हासून राह्यले. इकडच्या खान्यात घ्या.”

“जिथं ठरली तिथं लिवली, देवा.”

“मित्र हाय तो देश आपला!”

“म्हनूनच. दुश्मनाचं आपन ऐकतच नाही. कोनाचं ऐकून राह्यलो, हे मित्राच्याच बाबतीत विचारा लागते.”

देवानंद पायरी उतरून निघून गेला. आठ दिवसांनी त्याच्या नेत्याचा वाढदिवस आला आणि शुभेच्छांचा भलामोठा फ्लेक्स माझ्यावरच बांधला गेला. वाढदिवस झाला, फ्लेक्स राहिला.

मित्रांनो, झाकलेल्या फळ्याला दिवस कसा कळतो? मला गुरुजींमुळे कळत होता. ते सातला यायचे, फ्लेक्सची खालची कड डोक्याने उचलून आत शिरायचे आणि त्या कोंदट अंधारात चाचपडत लिहायचे. वाचायला कोणी नव्हतं. कधी ओळी एकमेकींवर चढायच्या. तारीख मात्र एकदाही चुकली नाही. सात महिने आम्ही दोघं असेच होतो. पुढे पुढे त्यांना धाप लागायची. तेव्हा ते कपाळ माझ्यावर टेकून थांबायचे.

एका मंगळवारी ते आले नाहीत. बुधवारीही नाहीत.

गुरुवारी दोऱ्यांवर विळा चालल्याचा आवाज आला आणि डोळे दिपवणारा उजेड पडला. विळा विमलबाईंच्या हातात होता. शेजारी गुरुजींची लेक मंजुश्री उभी होती. देवानंद खाली मान घालून फ्लेक्सची घडी करत होता. माझ्यावर सोमवारची तारीख होती आणि गुरुजींच्या तिरक्या चार ओळी.

मंजुश्रीने फडकं ओलं केलं. देवानंद पुढे आला. “ताई, पुसू नका. शेवटचं अक्षर हाय त्यायचं. काच बसवून ठेवू.”

“काच बसवली तर उद्याचं कुठं लिहिणार, देवानंदभाऊ?” ती हळू म्हणाली. “बाबांनी कालचं कधी ठेवलं नाही.”

तिने पुसलं. शेवटच्या ओळीपाशी फडकं थांबलं, पण तिने तीही पुसली. मी वाळेपर्यंत ती पायरीवर बसली. मग वडील गेल्याची बातमी तिने साध्या दोन ओळींत लिहिली.

त्याला आज एकवीस दिवस झाले. मंजुश्री नोकरीच्या गावी परतली. लोक माझ्यासमोर चपला काढतात, हात जोडतात. कोणी झेंडूचा हार अडकवला, तो वाळला. गुरुजींच्या नावाला हात लावायचा धीर कोणाला होत नाही. देवानंद दोनदा खडू घेऊन आला आणि तसाच परत गेला. एवढ्या दिवसांत दिल्लीत काही ठरलं असेल, दिल्लीबाहेरही ठरलं असेल. गावाला ते माझ्याकडून कळलेलं नाही.

मित्रांनो, माझ्याविषयी आस्था असेल तर माझ्या पाया पडू नका. फडकं ओलं करा. गुरुजींच्या नावापाशी हात थांबेल, त्याला थोडं थांबू द्या. मग पुसा, आणि आजची तारीख घाला.