मिठाचा डबा

चाकणच्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये आमटीत मीठ फक्त मी घालते. बाकीच्या बायकांनी निवडायचं, चिरायचं. मिठाच्या डब्याला हात लावायचा नाही आणि चवीबद्दल तोंडही उघडायचं नाही. सात सुगरणी, भाजी अळणी, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पाळी जाऊन वर्षं झाली होती, तरी पुन्हा अंगावरून जायला लागलं. तपासणीत गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. सुरुवातीचाच आहे, गर्भाशय काढलं की बरं वाटेल, असं ऑपरेशनवाल्या मिनल मॅडम म्हणाल्या. तरी आधी सगळे डॉक्टर एकत्र बसणार म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

"अहो, एकाला तरी काही कळतंय का यांच्यातल्या?" मी नवऱ्याला विचारलं.

"गप चल गं," रोहिदास म्हणाले.

बैठकीआधी श्रद्धा नावाची नर्स शेजारी येऊन बसली. "सुमनताई, झोपताना उशा किती घेता?"

"तीन. आडवं झालं की दम कोंडतो."

"डॉक्टरांना सांगितलं?"

"कॅन्सरच्या डॉक्टरला दम्याचं कशाला सांगू? कंपनीत ज्याची तक्रार त्याच खात्यात जाते."

ती उठून तडक आत गेली. आम्हाला बोलावलं तेव्हा भुलीचे डॉक्टर चिडलेले होते. "दुर्बिणीच्या ऑपरेशनला यांना डोकं खाली करून निजवतात. आडवं झाल्यावरचा हा दम हृदयाचाही असेल, ते तपासल्याशिवाय मी भूल देणार नाही."

शेक देणारे, म्हणजे रेडिएशनवाले, बोलले, गाठ तपासणारे बोलले, खटके उडाले. मग सगळे थांबले आणि एकट्या मिनल मॅडमनी सांगितलं, "आधी हृदयाची तपासणी आणि औषधं. मग ऑपरेशन."

तसंच झालं. हृदय खरंच थकलेलं निघालं. ऑपरेशन सुखरूप पार पडलं, काढलेलं गर्भाशय तपासलं, कॅन्सर पसरला नव्हता, म्हणून शेकही लागला नाही. काळेवाडीच्या घरी आता मी एका उशीवर झोपते. फार बरं वाटतं.

कामावर परतले त्या दिवशी आमटीत मीठ घातलं आणि डावभर आमटी भाजी चिरणाऱ्या पिंकीपुढे धरली. पोरगी घाबरली.

"बोल की."

"ताई, खारट झालीये."

राग आलाच. पण मी मुकाट्यानं पाणी वाढवलं आणि डाव पुढच्या बाईला चाखायला दिला.